ग्राइंडर खाली ठेव

परभणी

चि. बाळू,


तुझे फोटो पाहिले आणि रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. बाभळी तोडून भाऊजींचा चेनवाला ट्रॅक्टर तू उजेडात आणलास, याचा किती आनंद झाला ते कसं सांगू! पण शेवटच्या फोटोत ब्लेडच्या फ्रेमवर ग्राइंडर मारून तू ती लखलखीत केली आहेस आणि वर विचारतोस, ‘मामा, हा डी-७चा ओरिजिनल माल ना? पार्ट नंबर सांगा.’ अरे, नंबर त्या लोखंडावरच होता की! जी बाजू उरली आहे ती तरी वाचव. रॉकेलचं फडकं, मऊ ब्रश आणि पांढरा खडू, याखेरीज तिला काही लावू नकोस. खडू घासलास की खोलातली अक्षरं आपोआप वर येतील.

ट्रॅक्टर कॅटरपिलरचा म्हणजे ब्लेडही कॅटरपिलरचं, ही समजूत आधी डोक्यातून काढ. चाळीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती कंपनी स्वतः डोझर ब्लेड बनवतच नव्हती. ब्लेड आणि केबलचं कंट्रोल लेटूर्नो नाहीतर लाप्लांट-चोट यांच्याकडून यायचं, मागचं विंच बहुधा हायस्टरचं. इंटरनॅशनलला ब्यूसायरस-ईरीचा माल लागायचा, ॲलिस-चाल्मर्सला बेकरचा किंवा गार वुडचा. म्हणून प्रत्येक जोडअवजारावर त्याची स्वतःची पाटी रिव्हेट केलेली असते. ट्रॅक्टरचा नंबर तिथं चालत नाही. तुझ्या ट्रॅक्टरचा नंबर ३टीने सुरू होतो, म्हणजे डी-७ आहे, १९४४चा किंवा नंतरचा. तेव्हा ब्लेड कंपनीचंही असेल किंवा बाहेरचंही.

दोन्ही चेनच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लाव. ७४ इंच भरले म्हणून लगेच नाचू नकोस, ९यू नंबरचा डी-६सुद्धा ७४ इंचीच येतो. फ्रेम ज्या ट्रनियनवर बसते ती जागा मोजलीस तरच खरं काय ते कळेल. आणि पिन मोजायची ती घासलेल्या जागी नव्हे, बॉसच्या आत जिथं कधी हालचालच झाली नाही तिथं. व्हर्नियरवर ३८.१ किंवा ५०.८ आलं तर माल इंची. सरळ ४० किंवा ५० आलं तर तो मिलिमीटरवाला, म्हणजे रशियन असेल, नाहीतर कोमात्सूच्या सहकार्यानं बनलेला बीईएमएलचा. तो डी-७च्या पदरात कुणीतरी वेल्डिंग करून घातलेला असणार. ओतकामावर उठून आलेल्या आकड्यांवरही भरवसा नको, तो बऱ्याचदा साच्याचा नंबर असतो. कॅटरपिलरचा जुना पार्ट नंबर म्हणजे आधी आकडा, मग एक इंग्रजी अक्षर, मग पुन्हा आकडे. तसं काही दिसलं तर बोट न लावता फोटो काढ.

तू म्हणशील, मामा एवढ्याशा लोखंडासाठी जीव टाकतो. टाकतोच. होट्टलच्या चालुक्यकालीन शिलालेखावर कुणी ग्राइंडर धरला तर अख्खा देगलूर तालुका उठेल, आणि या पाटीवर धरला तर कुणी ब्र काढत नाही. अरे, या यंत्रांनाही इतिहास आहे. १९४९ साली जागतिक बँकेनं शेतीयंत्रांसाठी देशाला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते मध्य प्रदेशाकडचं कांस गवत मुळासकट उपटायला असेच चेनवाले हवेत म्हणून. आपल्या काळ्या रानातला कुंदा आणि हरळी तुझ्या आजोबांना कशी रडवायची ते ताईला विचार. ज्यांनी ही यंत्रं चालवली ती माणसं एकेक करून जात आहेत. कोणतं ब्लेड कुठून आलं, कुणी फ्रेम बदलली, हे त्यांच्याच तोंडी होतं. ती गेल्यावर उरते ती पाटी, आणि तीही भंगारात किलोवर जाते. बासरच्या रस्त्याला राहणारे भाऊजींचे जुने जोडीदार अजून धडधाकट आहेत ना? त्यांना मशीनपाशी खुर्ची टाकून बसव आणि ते बोलतील ते सगळं वहीत उतर. आधी हे कर, बाकीचं मागून.

आणि आता जे लिहितो ते लिहिल्यावाचून मला झोप येणार नाही. पुढच्या आयडलर चाकामागे जी जाड स्प्रिंग आहे, ती कारखान्यातच दाबून बसवलेली असते. तिचा बोल्ट गॅसनं कापलास तर समोरचा माणूस वाचत नाही. ब्लेड त्या गंजलेल्या वायररोपवर अधांतरी आहे, फोटोत मला स्पष्ट दिसलं. खाली लाकडी स्लीपर रचून ते त्यावर टेकव, तोवर पाय आत घालू नकोस. ताई सांगत होती, तू भर दुपारी एकटाच त्याच्याखाली शिरतोस. तिला आधीच बीपी आहे रे.

रविवारी मराठवाडा एक्स्प्रेसनं निघतो. व्हर्नियर माझ्याकडचा आणतो, तुझा बाजारचा विश्वासाचा नाही. गॅस-कटिंगवाल्याला पैसे दिले असतील तर बुडू देत, पण तो रविवारच्या आधी आपल्या वाड्यात पाऊल टाकता कामा नये. आणि हे पत्र मिळताच फोन कर, रात्रीचे अकरा वाजले असले तरी कर.

तुझा,
मामा