मधले डोळे

कीटकांची आणि कोळ्यांची शास्त्रीय चित्रं काढणं हा आज माझा व्यवसाय आहे. तो ज्यांच्यामुळे मला मिळाला, त्यांना स्वतःला तेव्हा नीट दिसत नव्हतं. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या काकू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दृष्टिपटलाच्या आजारानं त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, पण कडेला काही हललं तर कळायचं. शाळा सुटल्यावर त्यांना पेपर वाचून दाखवायला आई मला पाठवायची.

एकदा बातमी अर्ध्यावर थांबवून त्या म्हणाल्या, "खिडकीत काहीतरी हललं. बघ गं." चौकटीवर कोळी होता. काळ्या पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, बोटाच्या पेराच्या निम्माही नाही. काकूंनी तो वर्णनावरूनच ओळखला: प्लेक्सिपस पायकुल्लीचा नर. मादी तपकिरी असते. जगभरातल्या उष्ण प्रदेशांत माणसाच्या घराच्या आश्रयानं पसरलेली ही जात. भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, दबा धरून उडी घेते.

मग प्रश्न सुरू झाले. माशी बाजूला बसली तेव्हा त्याचे फक्त डोळे वळले, की अख्खं अंग? उडीआधी पोटाचं टोक चौकटीला टेकलं का? मागचे पाय टोळाच्या पायांसारखे जाड आहेत का? मला पुन्हा बघावं लागायचं. अंग वळायचं. टोक टेकायचं, कारण तिथे तो रेशमाचा धागा चिकटवतो आणि उडी चुकली तरी त्याच धाग्याला लटकून राहतो. पाय मात्र बारीकच होते. त्या बारीक पायांनी उडी कशी घेतो, हे काकूंनी सांगितलं: कोळ्याच्या पायांत काही सांधे सरळ करणारे स्नायूच नसतात, तो शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय ताठ करतो.

डोळ्यांबद्दल सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आठ डोळे. कडेचे डोळे जवळजवळ चहूकडची हालचाल टिपतात, पण बारकावा दिसतो तो समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांना. त्यांची भिंगं कवचात पक्की बसलेली. आत लांब नळी, नळीच्या टोकाला दृष्टिपटल, आणि स्नायू ती नळी आतल्या आत हलवतात. एका वेळी दिसतो तो चिंचोळा तुकडा. असे तुकडे फिरवून फिरवून तो समोरची वस्तू न्याहाळतो. "माझे कडेचे शाबूत आहेत," काकू म्हणाल्या, "मधले तू हो."

मी झाले. नर पुढचे पाय उचलून मादीपुढे कसा सरकतो, भेगेतल्या रेशमी पिशवीत मादी अंड्यांपाशी कशी बसून राहते, सगळं त्यांना सांगत गेले. शब्द अपुरे पडायला लागले तेव्हा वहीत मोठं करून काढायला लागले. ती चित्रं काकूंना दिसत नव्हती. तरी प्रत्येक रेषेबद्दल त्या विचारायच्या आणि मला उत्तर द्यावं लागायचं.

पुढे व्यवसायात पडल्यावर मी या जातीच्या नावाचा माग काढला, तेव्हा काकू हयात नव्हत्या. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर 1798 मध्ये इजिप्तला गेलेल्या सॅव्हिन्यी या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं तिथल्या असंख्य जीवांच्या तपशीलवार चित्रांचं काम हाती घेतलं. त्यांत हा कोळी होता. पण डोळ्यांच्या आजारानं सॅव्हिन्यीला काम सोडावं लागलं. चित्रपट्टांचं स्पष्टीकरण लिहिण्याचं काम ओदुआँ या तरुण निसर्गअभ्यासकाकडे आलं आणि 1826 मध्ये त्यानं या कोळ्याला पायकुल नावाच्या स्वीडिश कीटकतज्ज्ञाचं नाव दिलं. आपल्या घरांत आढळणारा हॅसेरियस अ‍ॅडनसोनी हा दुसरा उडी मारणारा कोळीही त्याच स्पष्टीकरणातून पुढे आला. सॅव्हिन्यी त्यानंतर पंचवीस वर्षं जगला.

हे काकूंना सांगायचं राहिलं. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असतं, ते मला ठाऊक आहे: पट्टातल्या कोळ्याला पायांवरचे केस दाखवलेत का, आणि किती बारीक?