उसनी सुट्टी

रुपया केव्हांही परत मिळाला तरी तो रुपयाच असतो. दिवसाचें तसें नाहीं. उपाहारगृहांच्या व्यवसायांत मात्र दिवस रुपयासारखा सांठविण्याचा प्रघात आहे. नोकरानें साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीं काम केलें कीं त्याच्या नांवावर वहींत एक रेघ ओढतात, आणि पुढें बदली सुट्टी दिली कीं ती खोडतात.

पुण्यांत ज्या उपाहारगृहांत आमचा नित्य चहा होतो तेथील मालक सज्जन आहेत. रेघ बुडविल्याची तक्रार आमच्या कानावर आलेली नाहीं. तेथें रत्नागिरीकडचा एक तरुण वाढपी आहे. गणपतीच्या दिवसांत देखावे पाहून परतणाऱ्या गर्दीमुळें त्याला मध्यरात्रीपर्यंत उसंत नसते. त्या रेघा फिटतात पितृपंधरवड्यांत, गिऱ्हाईक रोडावल्यावर. तो गांवीं पोहोंचतो तों मखर माळ्यावर गेलेलें असतें. हिशेब चोख आहे, पण घरच्या आरतीला तो तीन वर्षें उभा राहिलेला नाहीं.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें जादा तासांस दुप्पट दरानें वेतन ठरविलें, आणि सुट्टीच्या दिवशीं काम करविल्यास दोन महिन्यांच्या आंत बदली रजा द्यावी असें सांगितलें. ही मुदत हवीच होती; एरवीं वह्या हरवतात, मालक बदलतात, आणि नोकर सोडून गेला कीं त्याच्या रेघांना कोणी वाली उरत नाहीं. पण गंमत अशी कीं पितृपंधरवडा या मुदतींत सहज बसतो. उलट त्याच तरुणानें आपल्या सुट्ट्या शिमग्याला मागितल्या, तर शिमगा सहा महिने दूर! मालकाच्या सोयीचा दिवस कायद्यांत बसतो. नोकराला हवा असलेला दिवस बाहेर राहतो.

मालकाची अडचणही खोटी नव्हे. शिंप्यास सदरा उद्यां देतां येतो. डोसा उद्यां देतां येत नाहीं. (एका चहावर तासभर वाद घालणाऱ्या आम्हां प्राध्यापकांची रेघ तर कोणत्याच वहींत पडत नाहीं.) तथापि ज्याची ठेव त्यानेंच ती केव्हां काढावी हें ठरवावें, एवढा पेढीचा साधा नियम येथें कां नसावा? रेघ ओढतांनाच तिच्यापुढें परतफेडीची तारीख पडावी, आणि ती नोकरानें सांगावी, असें आम्हीं मालकांस सुचविलें.

"सर, सगळे एकच तारीख सांगतील," ते म्हणाले.

तें खरेंच होतें. चारही वाढपी कोंकणचे. मग पाळी ठरली. यंदा दोघे गणपतीला गेले. रत्नागिरीचा तरुण त्यांत नव्हता. त्याची पाळी पुढल्या वर्षीं आहे, आणि ती त्यानें स्वतःच्या अक्षरांत लिहून घेतली आहे.