साडीचा एकच काठ

सुरतच्या डिंडोलीत सकाळीच साड्यांचे गठ्ठे घरोघर येतात. धुळे, जळगाव, नंदुरबारहून येऊन इथे स्थिरावलेल्या कुटुंबांतल्या बायका धागे कापतात, टिकल्या चिकटवतात. पुरुष लूमच्या खात्यावर असतात. अशा घरात स्किझोफ्रेनियाचा तरुण असला, की आई डॉक्टरांना सांगते, "आवाज बंद झाले, पण पोऱ्या आळशी झाला."

हा आळस नव्हे, आजारच. भास आणि संशयावर औषधं जितकी चालतात, तितकी गेलेल्या उमेदीवर चालत नाहीत. हातात आलेला चहा अशा माणसांना बहुधा इतरांसारखाच आवडतो. तो आवडेल असं आधी वाटत मात्र नाही, असं संशोधन सांगतं. म्हणून मन लागण्याची वाट बघत बसणं व्यर्थ.

जाणता समुपदेशक गठ्ठा देत नाही. एक साडी, तिचाही एकच काठ. आधी विचारतो, "दहापैकी किती बरं वाटेल?" काम झाल्यावर पुन्हा विचारतो. दोन्ही आकडे त्या मुलानेच शेजारी शेजारी लिहायचे, म्हणजे आधीचा अंदाज कुठे चुकला ते त्याच्याच अक्षरात त्याला दिसतं.

दुसरी अडचण चेहरे वाचण्याची. यंत्रांच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात. याला वाटतं, शेठ आपल्यावरच चिडलाय. मग तो खात्यावर जाणंच सोडतो. इथे मालिकेचा आवाज बंद करून एक प्रसंग दाखवता येतो: काय दिसलं? त्यावरून काय वाटलं? आणखी काय कारण असेल? अशी समज मोजायला बेंगळुरूच्या निम्हान्सने भारतीय वातावरणातले प्रसंग घेऊन 'सॉक्रेटिस' ही चाचणी बेतली. ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चाचणीतल्यासारखे प्रसंग या कुटुंबांच्या अहिराणीतही हवेत, आणि ते लवकर हवेत.

खानदेशाचं या आजाराशी एक मोठं नातं आहे. धुळ्याकडचे, कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या आजारपणातून या कामाकडे वळले आणि 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. याच आजारावरच्या 'देवराई' चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं.

समुपदेशनाचं हे काम घरी जाऊन करणारी माणसं डॉक्टरच असायला हवीत असं नाही. सातारा, गोवा आणि कांचीपुरममध्ये 282 रुग्णांवर झालेल्या, 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी नेहमीच्या उपचारांना जोड दिली. फरक माफक होता, पण होता. डिंडोलीत अशा कार्यकर्त्याला खात्याच्या पाळ्या ठाऊक हव्यात. दिवसपाळीच्या वेळी घरी गेलं तर बाप भेटत नाही, आणि मुलाला कामचोर म्हणणारा बहुतेकदा तोच असतो.