ताजमहाल हॉटेल आणि रावसाहेब वैद्य

सावद्याच्या माणसाला गाड्यांचे काय कौतुक! केळीच्या वॅगन पाहतच आपण लहानाचे मोठे होतो. भुसावळला रात्रीची गाडी धरली की सकाळी सी.एस.एम.टी. मग मुलांना घेऊन गेटवे ऑफ इंडिया आणि समोरचे ताजमहाल हॉटेल बघायचे, तेही बाहेरूनच. आत चहाचा दर विचारायची आमची काही हिंमत झाली नाही.

तिथे एक गोष्ट हमखास कानावर येते. कुणा विलायती इंजिनियरने नकाशा दिला, हॉटेल उलटे बांधले गेले आणि त्याने जीव दिला. बंधू-भगिनींनो, ही निव्वळ दंतकथा आहे. दर्शनी दार मुळात शहराच्या बाजूलाच ठेवले होते. जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचा आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. आपण ज्या स्टेशनात उतरलो, त्याच्या बांधकामावरही वैद्य सहायक इंजिनियर होते! हॉटेल पुरे होण्याआधीच ते वारले. उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. न झालेल्या साहेबाची आत्महत्या सगळ्यांच्या तोंडी आणि झालेला मराठी माणूस कुणाला ठाऊक नाही.

16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडले, तेव्हा समोर गेटवे नव्हते. ते 1924 मध्ये पुरे झाले. पहिल्या महायुद्धात या हॉटेलचे इस्पितळ झाले होते. शेजारचा उंच टॉवर 1973 चा.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी आत शिरले. 29 तारखेच्या सकाळपर्यंत गोळीबार चालला, घुमटाखाली आग धुमसत होती. स्वयंपाकी, वेटर, टेलिफोनवरच्या मुली यांना निसटता आले असते. पण पाहुण्यांना लपवत, मागच्या वाटेने बाहेर काढत ते थांबले, आणि त्यांतले कितीतरी परत घरी गेले नाहीत. हॉटेलात एकूण 31 जीव गेले.

टॉवर त्याच वर्षी 21 डिसेंबरला सुरू झाला. जुन्या इमारतीला मात्र वेळ लागला. जळलेले मजले, लाकूडकाम, काळवंडलेली चित्रे सारे पुन्हा उभे करायचे होते. 15 ऑगस्ट 2010 ला तीही उघडली. आत त्या 31 जणांची नावे लिहिली आहेत, पाहुण्यांची आणि नोकरमाणसांची एकत्र.

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनात धाकटीने वर बघत विचारले, "हेपण त्याच वैद्यांचं का?"