पापणीवरचा लाल ठिपका

बाळाच्या तोंडावर डाग किंवा गाठ दिसली की आपल्या वऱ्हाडात पहिला प्रश्न त्याच्या आईलाच विचारतात. "काय व, गरोदरपणी ग्रहणात काय चिरलं तू?" माझ्या लेकीलाही हेच ऐकावे लागले.

लेक अमरावतीला दिलेली. बाळंतपण डफरीनला झाले. मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली, वजनाने हलकी. आठ-दहा दिवसांनी तिच्या उजव्या पापणीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसू लागला. महिन्याभरात तो बोराएवढा झाला, आणि दुसरा महिना संपेपर्यंत पापणी इतकी जड झाली की डोळा अर्धा झाकला गेला.

ग्रहणाचे म्हणाल, तर ग्रहणाच्या वेळी एकट्या अमरावतीत कितीतरी गर्भार बाया भाजी चिरत असतील. दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करणारीला ग्रहण पाळायला सुटी कोण देतो? त्या साऱ्याजणींच्या लेकरांना मग डाग हवे होते. जावयाच्या आत्याने तर चुना लावायला सांगितला. डोळ्यावर चुना! मी अकोल्याहून पहिली गाडी धरून गेले ते मुख्यतः एवढ्यासाठीच.

एका डॉक्टरांनी "मोठी झाली की आपोआप जिरेल" म्हणून परत पाठवले होते. हे अर्धेच खरे. या गाठीला हिमॅन्जिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी जन्मानंतर भराभर वाढतात आणि त्यांची गाठ होते. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ती जास्त आढळते. पाचव्या महिन्यापर्यंत तिची बहुतेक वाढ होऊन जाते, आणि वर्षानंतर ती हळूहळू, काही वर्षे घेत, ओसरते. पाठीवर किंवा दंडावर लहानशी गाठ असेल तर नुसते लक्ष ठेवलेले चालते. पण डोळा, नाक, ओठ किंवा गळा यांच्यापाशी असेल तर थांबून चालत नाही. बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यांत बघायला शिकत असतो. तेव्हा डोळा झाकलेला राहिला, तर पुढे गाठ जिरूनही त्या डोळ्याची नजर अधू राहू शकते.

हे आम्हाला सांगितले ते लस टोचणाऱ्या नर्सबाईंनी. "बाई, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या," एवढे बोलून त्या थांबल्या नाहीत, चिठ्ठीही लिहून दिली. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि डोळ्यांचे डॉक्टर अशा दोघांनी तपासले, आणि औषधाचे नाव लिहिले प्रोप्रॅनोलॉल. जावई घाबरला. म्हणाला, "मामी, ही तर माह्या बुढ्याची बीपीची गोळी होय!"

तो म्हणाला ते खरेच होते. 1960 च्या दशकापासून हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांना ही गोळी देतात. फ्रान्समधील बोर्दो येथे नाकावर अशीच गाठ असलेल्या एका बाळावर स्टिरॉइडचा उपचार चालू होता. त्यात हृदयाचा त्रास उद्भवला म्हणून त्याला ही गोळी दिली, तर दुसऱ्याच दिवशी गाठीचा लाल रंग बदलला आणि ती मऊ पडली. डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे जगापुढे मांडले. त्याआधी स्टिरॉइड नाहीतर चाकू, असाच मामला असे.

पण स्वस्त गोळी म्हणून घरी तुकडा मोडून देऊ नका. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. आधी हृदय तपासतात. आमच्या नातीला पहिल्या मात्रेसाठी दवाखान्यात ठेवून घेतले होते. या औषधाने रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून दूध पाजूनच द्यायचे. बाळ दूध पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल, तर औषध थांबवून लगेच डॉक्टरांना विचारायचे. लेकीने वही केली होती: किती वाजता दूध, किती वाजता औषध. आठवड्यात रंग फिका झाला. दीड महिन्यात डोळा पूर्ण उघडला. वर्षाची होईपर्यंत औषध चालले. आता ती अंगणवाडीत जाते, पापणीवर फिकट सुरकुती तेवढी आहे.

प्रत्येक डाग असा नसतो, हे मात्र ध्यानात ठेवा. जन्मापासून चेहऱ्यावर सपाट, गुलाबी-जांभळा डाग असेल तर तो जात नाही. रशियाच्या गोर्बाचेव्ह साहेबांच्या कपाळावर होता तसा. लेसरने तो फिका करता येतो. पण कपाळावर किंवा पापणीवर असेल तर डोळ्याचा दाब आणि झटके यांची तपासणी करून घ्यावी. गाठ गरम लागत असेल आणि बोटाखाली नाडीसारखी उडत असेल, तर ती कुणालाही कापू देऊ नका. तिथे रोहिणी आणि नीला थेट जोडल्या गेलेल्या असतात, आणि रक्त थांबता थांबत नाही. आधी नळी घालून आतून रक्तपुरवठा बंद करतात, मगच शस्त्रक्रिया.

माझा धाकटा भाऊ अकोल्यात हमाली करतो. त्याच्या जबड्याखाली लहानपणापासून निळसर, मऊ गाठ. पोते उचलायला वाकला की ती फुगे, म्हणून त्याने दाढी वाढवली. त्याच्या लग्नाच्या वेळी दोन घरे गाठ पाहून परतली होती. ही नीलांची गाठ, आपोआप न जिरणारी. भाचीच्या लेकीचा डोळा उघडलेला पाहून त्यानेही नागपूर गाठले. गाठीत इंजेक्शन देऊन आतल्या नीला बंद करतात, तेही एकदाच नव्हे, टप्प्याटप्प्याने. शिधापत्रिका घेऊन त्याने आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठले, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते विचारले. तुम्हीही भरती होण्याआधीच विचारा.

त्याची दोन इंजेक्शने झाली. गाठ निम्मी उरली आहे. तिसऱ्यासाठी पावसाळ्यानंतर बोलावले आहे, आणि दाढी त्याने अजून काढलेली नाही.