चाकणच्या फाटकाबाहेरचा संसार

चाकण हे नाव इतिहासाला संग्रामदुर्गामुळे आणि व्यापाऱ्यांना कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे परिचित आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला येथेच सुमारे दोन महिने रोखून धरले होते. आज म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीपासून तळेगावच्या रस्त्यापर्यंत कारखान्यांची वसाहत पसरली आहे. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग येथून देशभर जातात. ते नेणाऱ्या मालमोटारी निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात आणि कारखान्यांच्या फाटकांबाहेर रांगेने उभ्या असतात.

या रांगांत स्त्री क्वचितच दिसते. परंतु ती आता अगदीच अपूर्व राहिलेली नाही. मूळच्या नंदुरबारच्या, वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या योगिता रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रकचे चाक हाती घेतले. केरळातील कोट्टायमकडचे जलजा व रतीश हे दांपत्य तर जोडीनेच ट्रक चालवते. २०२२ मध्ये जलजा यांनी पेरुंबवूरचे प्लायवूड पुण्यास पोहोचविले आणि येथून कांदा भरून थेट काश्मीर गाठले.

अशा जोडप्याचे घर म्हणजे केबिन. एकाने चालवावे, दुसऱ्याने मागच्या बाकावर पाठ टेकावी. सावली पाहून गाडी थांबवावी, छोट्या शेगडीवर भात शिजवावा, पेट्रोल पंपावर स्नान उरकावे. दुसऱ्या चालकाचा पगार वाचतो, घरचे अन्न मिळते आणि रात्री विश्वासाचे माणूस जवळ असते.

चालत्या गाडीतील हा संसार फाटकाशी आला की अडतो. ई-वे बिलाची मुदत सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे हजार किलोमीटरला पाच दिवस. वाटेतील प्रत्येक खोळंबा या हिशेबातून वजा होतो. माल उतरविण्यास दोन दिवस लागले तर पुढचे भाडे हुकते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच येतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास काम आणि मध्ये विश्रांती सांगितली होती. फाटकावर गेलेला वेळ भरून काढण्यासाठी चालक रात्र जागतो, तेव्हा झोप आणि सुरक्षितता दोन्ही पणाला लागतात. स्त्रीची अडचण याहून साधी आणि अधिक कठीण असते. तिला वापरता येईल असे स्वच्छ शौचालय नसल्याने ती दिवसभर पाणी पिणेच टाळते.

ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. केबिनच्या बाहेरची सोय मात्र माल मागविणाऱ्याच्याच हाती आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची गोदामे आणि दुकाने याच मालमोटारींवर चालतात. सूर्यास्तापूर्वी आपल्या घरची जेवणे आटोपतात. त्या वेळी आपलाच माल घेऊन आलेला चालक फाटकावर उपाशी असू शकतो. पांजरापोळासाठी सढळ असणाऱ्या हातांना गाळलेल्या पाण्याचा एक माठ, स्त्रियांसाठी कुलूपबंद नसलेले एक शौचालय आणि माल उतरविण्याची ठरलेली वेळ, एवढे सहज जमण्यासारखे आहे. अनुकंपेचा आरंभ गोदामाच्या फाटकापासूनही करता येतो.