चोवीस दिवस

मागच्या महिन्यात अप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. ओझरला देवळाच्या वाटेवर आमचं नारळ, दुर्वा आणि पेढ्यांचं दुकान आहे, त्याला लागूनच त्यांचं. फोनवर ते कधी प्रस्तावना करत नाहीत.

"पोरगं हॉस्टेल सोडून आलंय. तीन आठवडेही काढले नाहीत. शनिवारी ये आणि तेवढं त्याला समजाव. तू इंजिनियर, तुझं ऐकंल."

येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर हसू आलं. या विषयावर सल्ला मागायला आमच्या अख्ख्या घरात माझ्याइतका चुकीचा माणूस नाही, हे अप्पा सोयीस्करपणे विसरले होते. दहा वर्षांपूर्वी मी स्वतः एकोणीस दिवसांत परत आलो होतो.

२०१५ मध्ये पुण्यातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजला माझा नंबर लागला. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती. रॅगिंग झालं नाही, कुणी टाकून बोललं नाही. लोकांना कारण हवं असतं आणि माझ्याकडे सांगण्याजोगं कारणच नव्हतं. खोलीतले दोघे एकमेकांशी इंग्रजीत भांडायचे. मला भांडण फक्त मराठीत जमतं, म्हणून मी भांडलोच नाही. बोललोही नाही. मेसमध्ये मी सगळ्यात शेवटी जायचो, म्हणजे कुणाशेजारी बसायचं हा प्रश्न येत नसे. ग्राफिक्सच्या तासाला मिनी ड्राफ्टर बोर्डाला कसा लावायचा हे शेजारच्याला विचारायचं दोन आठवडे धाडस झालं नाही. एका सोमवारी बॅग भरली, शिवाजीनगरहून (तेव्हा एसटी स्टँड तिथंच होतं) नारायणगावची गाडी धरली आणि तिथून जीपने घरी.

इथे विघ्नहराने हात दिला. तीन दिवसांवर गणेश चतुर्थी होती. भाद्रपदात बाहेरगावचं पोरगं ओझरला आलं तर 'का आलास' असं कुणी विचारत नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत मी 'गणपतीला आलेला' होतो. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून 'परत आलेला' झालो.

वडील मला काही बोलले नाहीत. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचे, "पोराची तब्येत जरा बरी नसते." मी तिथेच, दोन हातांवर बसून दुर्वांच्या जुड्या बांधत असायचो. मला काहीही झालेलं नव्हतं.

लॅरी बर्ड हे नाव तेव्हा ऐकलेलं नव्हतं. ते कळलं पुढच्या वर्षी, दुसऱ्या कॉलेजात. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी माझी सहा फूट एक इंच उंची बघितली आणि बास्केटबॉलच्या संघात मला फॉरवर्ड करून टाकलं. आमच्याकडे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. बास्केटच्या त्या दहा फुटांवरच्या रिंगणाशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी एकूण किती गुण केले ते सांगत नाही, पण मोजायला दोन्ही हात आणि एक पाय पुरेल. खरं तर महाराष्ट्रातल्या माणसाने बास्केटबॉल म्हटल्यावर आधी मुंबईचं नागपाडा सांगावं, तिथले अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर सांगावेत, भारताची कर्णधार झालेली पुण्याची शिरीन लिमये सांगावी. पण मजल्यावरच्या एका सीनियरच्या फोनमध्ये १९७९ च्या एका फायनलचा धुरकट व्हिडिओ होता. त्यात भुऱ्या केसांचा, नीट धावताही न येणारा एक उंच गडी होता. सीनियर म्हणाला, "हा बघ. हा पण तुझ्यासारखा पळून आला होता."

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो.

बर्डचं गाव फ्रेंच लिक, अमेरिकेच्या इंडियाना राज्यात. वस्ती जेमतेम दोन हजार. पण साधं खेडं नव्हे. तिथे खनिज पाण्याचे झरे आहेत, त्या पाण्यासाठी जुन्या काळी श्रीमंत लोक यायचे, म्हणून भलीमोठी हॉटेलं उभी राहिली. शेजारच्या वेस्ट बेडनच्या हॉटेलाचा घुमट तर जगातलं आठवं आश्चर्य म्हणून मिरवला जाई. (हे पाणी बाटलीत भरून देशभर विकलंही जायचं. औषधी गुण एकच: पोट साफ.) गाव पाहुण्यांवर जगणारं. बाहेरचे येणार, दोन दिवस राहणार, जाणार, आणि गावातली माणसं त्यांच्या खोल्या झाडणार, त्यांना जेवण वाढणार. हे वाचलं आणि मी थबकलो. आमच्या देवळाच्या दीपमाळांसमोर फोटो काढून अर्ध्या तासात लेण्याद्रीकडे निघणाऱ्या गाड्या मी लहानपणापासून मोजल्यात. असल्या गावातल्या पोराला जग रोज दिसतं. फक्त ते नेहमी गिऱ्हाईक म्हणून दिसतं. आपणच जगाकडे जायची वेळ आली की कुठे उभं राहायचं ते कळत नाही.

बर्ड सहा भावंडांतला चौथा. घरात पैशाची ओढाताण, आई हॉटेलांत राबायची. शाळेत त्याने इतका जबरदस्त खेळ केला की इंडियाना विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली. त्या राज्यात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोराला यापेक्षा मोठं काही मिळत नाही. प्रशिक्षक बॉबी नाइट, नावाजलेले आणि तापट. १९७४ च्या पावसाळ्याअखेरीस (आपल्या पावसाळ्याअखेरीस, त्यांच्याकडे तो उन्हाळा) बर्ड ब्लूमिंग्टनला गेला. गावापासून अंतर साधारण ८० किलोमीटर, म्हणजे ओझर ते पुणे. तिथे तीस हजारांवर विद्यार्थी. त्याच्याकडे कपडे थोडे, पैसे जवळपास नाहीत. चोवीस दिवस काढले आणि कुणाला न सांगता घरी निघून आला. एकही सामना न खेळता.

पुढे वेस्ट बेडनच्या त्या घुमटवाल्या हॉटेलातच तेव्हा एक छोटं कॉलेज भरायचं, तिथे नाव घातलं. तेही दोन-एक आठवड्यांत सोडलं. मग नगरपालिकेत कामाला लागला. कचऱ्याची गाडी, गवत कापणं, रस्त्यावरचे पट्टे रंगवणं, हिवाळ्यात बर्फ ओढणं.

त्याच्यावरच्या लेखांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये हा भाग 'संघर्ष' म्हणून येतो. पार्श्वसंगीत उदास, कचऱ्याची गाडी संथ गतीत. पण बर्डने स्वतः सांगितलंय की ते काम त्याला आवडायचं. ओळखीची माणसं, उघड्यावरचं काम, संध्याकाळी गाव स्वच्छ झालेलं दिसायचं.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं. कारण त्या वर्षी मी नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात एका आडत गाळ्यावर पट्ट्या लिहायचो. कुणाचे किती क्रेट, काय भाव, हमाली वजा जाता किती. टेम्पोंच्या रांगा, ओलसर टोमॅटोचा आंबूस वास, भाव पडला की एकदम शांत होणारे शेतकरी. एकदा एकाने पट्टी हातात घेऊन बराच वेळ नुसती बघितली आणि मला म्हणाला, "अक्षर चांगलंय तुझं." मी त्या वर्षी खूश होतो. हे कुणाला सांगताच आलं नाही. वडिलांना मी आजारी हवा होतो, नातेवाइकांना पश्चात्ताप झालेला. खूश असणं कुठेच बसत नव्हतं.

बर्डची बरोबरी मात्र करत नाही. त्याच्या त्या वर्षात एक गोष्ट अशी आहे की माझी गोष्ट तिच्याशेजारी ठेवायला नको. १९७५ च्या फेब्रुवारीत त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. ते कोरियाच्या युद्धातून आलेले होते, दारू होती, कर्ज होतं. बर्ड तेव्हा अठरा वर्षांचा.

त्याच वर्षी टेरे होट या गावच्या इंडियाना स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक त्याला शोधत आले. हे दुसरं, लहान विद्यापीठ. आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. सहायक प्रशिक्षक बिल हॉजेस गावात फिरत राहिले, तर धुलाईच्या दुकानातून आजीबरोबर कपडे घेऊन बाहेर पडणारा बर्ड दिसला. बोलणं निघालं. बर्ड आपल्या एका मित्राबद्दल सांगू लागला, तो कॉलेजला गेला असता तर मोठा खेळाडू झाला असता. हॉजेस म्हणाले, तू गेला नाहीस तर लोक तुझ्याबद्दलही एक दिवस असंच बोलतील. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. मला त्यातलं आजीचं असणं महत्त्वाचं वाटतं. तो माणूस त्याला घेऊन जायला आला तेव्हा बर्ड घरचं काम करत होता, आणि कुणी त्याला आधी ते टाकून ये म्हटलं नाही.

नियमाप्रमाणे कॉलेज बदलणाऱ्याला एक वर्ष सामने खेळता येत नसत. १९७५-७६ चा हंगाम तो फक्त सराव करत बसला. मग तीन वर्षं खेळला.

ती तीन वर्षं आकड्यांत सांगतो, कारण आकडेच बोलतात. ९४ सामने, २,८५० गुण. सामन्यामागे सरासरी ३०.३ गुण आणि १३.३ रिबाउंड, म्हणजे बास्केटला लागून परत आलेला चेंडू झेलणं. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, आणि तेव्हा तिथे तीन गुणांची रेषा नव्हती. लांबून मारा की जवळून, मैदानी फेकीला गुण दोनच. आज बर्डचे जुने फटके बघताना मी नकळत तीन मोजतो आणि मग एक वजा करतो. फॉरवर्डने बास्केटजवळ धक्काबुक्की करायची, गुण करायचे, चेंडू मिळवायचा, अशी साधारण समजूत. सहा फूट नऊ इंचांचा हा माणूस मागे न बघता पास द्यायचा, इतका की त्याचेच सहकारी बेसावध सापडायचे. उडी बेताची, वेग त्याहून बेताचा. तीन हंगामांत संघ ८१ सामने जिंकला, १३ हरला. १९७७ च्या नोव्हेंबरात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर तो आला. पत्रकारांशी बोलणं त्याला नको वाटायचं, शेवटच्या हंगामात बहुतेक वेळ तो बोललाच नाही. टोपणनाव पडलं ते 'फ्रेंच लिकचा गावंढळ' अशा अर्थाचं, आणि ते त्याने अंगावर घेऊन मिरवलं.

आता मला सगळ्यात आवडणारी गंमत. १९७८ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने एनबीएच्या निवडीत सहाव्या क्रमांकावर बर्डला घेतलं, त्याचं कॉलेजचं एक वर्ष बाकी असताना. हे कसं चाललं? तर मूळ ज्या तुकडीत प्रवेश घेतला तिची चार वर्षं पुरी झाली की खेळाडू निवडीला पात्र ठरायचा. बर्डचा मूळ प्रवेश १९७४ चा. म्हणजे ते चोवीस दिवस कागदावर होते! पळून आलेल्या चोवीस दिवसांनी त्याचं घड्याळ एक वर्ष आधी सुरू करून ठेवलं होतं. सेल्टिक्सचे रेड आउअरबाख एक वर्ष थांबायला तयार झाले आणि बर्ड पदवी पुरी करायला परत टेरे होटला गेला.

मलाही दुसऱ्या कॉलेजला जाताना त्या वर्षाचा कागद लागला. गॅपचं प्रतिज्ञापत्र, शंभरच्या स्टॅम्पपेपरवर. जुन्नरच्या कचेरीबाहेरच्या टायपिस्टने विचारलं, "कारण काय टाकू? आजारी?" वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "घरगुती टाका." एवढंच. पण 'आजारी'ला ते नाही म्हणाले, हे मी अजून विसरलेलो नाही.

१९७८-७९ चा हंगाम म्हणजे वेडेपणा. मुख्य प्रशिक्षक बॉब किंग आजारी पडले, धुलाईच्या दुकानाबाहेरच्या हॉजेसकडे संघ आला. इंडियाना स्टेटने एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तो संघ लागोपाठ ३३ सामने जिंकला. आर्कान्सॉविरुद्ध ७३-७१, शेवटच्या क्षणी बॉब हीटनच्या डाव्या हाताच्या फटक्याने. उपांत्य फेरीत डीपॉलविरुद्ध ७६-७४, त्यात बर्डचे ३५ गुण, १६ रिबाउंड, ९ पास, आणि १९ पैकी १६ फटके आत. हे सगळं डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना.

२६ मार्च १९७९, सॉल्ट लेक सिटी. समोर मिशिगन स्टेट आणि मॅजिक जॉन्सन. कॉलेज बास्केटबॉलच्या कोणत्याही सामन्याला त्याहून जास्त टीव्ही रेटिंग आजवर मिळालेलं नाही. मिशिगन स्टेटने बर्डला घेरलं, चेंडू हातात आला की दोघं अंगावर. त्याचे २१ पैकी ७ फटके आत गेले. १९ गुण. ७५-६४, हरले. माझ्या सीनियरच्या फोनमधल्या व्हिडिओचा शेवट असा: बर्ड बाकावर बसलाय आणि तोंड टॉवेलमध्ये खुपसलंय. पुढे बॉस्टनकडून तीन विजेतेपदं, सलग तीन वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा मान, ते सगळं झालं. ते कुठेही वाचायला मिळेल.

शनिवारी ओझरला गेलो. चुलतभावाला घेऊन येडगाव धरणाच्या पाण्याकडे गेलो. पाणी भरपूर होतं. हे सगळं त्याला सांगितलं, थोडं माझं, जास्त बर्डचं. तो दगड मारत ऐकत होता.

"मग दादा, तू मला जा म्हणतोयस का नको म्हणतोयस?"

"मला नाही माहीत."

"अप्पांनी तुला सांगितलं असंल ना, समजाव म्हणून."

"सांगितलंय."

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "फायनल किती गुणांनी हरला?"

"अकरा."

"लई नाही," तो म्हणाला.

परत आलो तेव्हा दुकानात गर्दी होती. अप्पांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "सध्या दुकानात बसंल. पण एक करा अप्पा, लोकांना तो आजारी आहे असं सांगू नका."

अप्पा काही बोलले नाहीत. तेवढ्यात पलीकडचे फुलवाले सुटे पैसे मागायला आले, पोराकडे बघून म्हणाले, "काय, सुट्टी लागली का याला?" अप्पांनी हातातला नारळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातला, माझ्याकडे एकदा बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "आलाय. राहील थोडे दिवस."